घरट्याच्या फोटोखाली एक ओळ हवी

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून घरट्यातल्या पिल्लांचे फोटो असतात. वासलेल्या चोची, काठावर अळी घेऊन बसलेली आई (पुष्कळदा तो बाप असतो, पण मथळ्यात आईच येते) आणि मागे धूसर हिरवा रंग. फोटो देखणे असतात, त्याबद्दल वाद नाही. माझे लक्ष मात्र भलतीकडेच जाते. बुलबुलाचे घरटे झुडपाच्या पोटात, पानांच्या आड असते. फोटोत ते ताटात वाढल्यासारखे उघडे दिसते, तेव्हा आडवी येणारी फांदी कोणीतरी बांधून ठेवलेली असते किंवा सरळ छाटलेली असते. फोटो काढणारा घरी जातो. पिल्लांवर ऊन तसेच राहते, आणि कॅमेऱ्याला जे दिसले ते कावळ्याला आणि भारद्वाजालाही दिसते.

चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी पिल्लांकडे न पाहता थेट आपल्याकडे पाहत असेल, तर तो भरवायचा थांबला आहे, एवढे नक्की समजावे.

टिटवीचे उदाहरण सांगते. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये, साधारण चार अंडी घालते. अंडी मातकट आणि डागाळलेली, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उबवणे सुमारे चार आठवडे चालते. उन्हाळ्यात खरा प्रश्न उबेचा नसतो, अंडी थंड ठेवण्याचा असतो. नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून उभे राहतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. भर दुपारी कोणी तिथे कॅमेऱ्याची तिपाई लावून बसला, की दोघेही डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात. बघणाऱ्याला वाटते, काय छान कृती टिपायला मिळाली! तेवढा वेळ खाली अंडी तापत असतात.

म्हणून माझी मागणी एवढीच. घरट्याचा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ द्या: किती अंतरावरून, कोणत्या लेन्सने, किती वेळ थांबून काढला आणि फांदी-पानाला हात लावला होता का. ज्याला ही ओळ लिहिता येत नाही, त्याचा फोटो परत करा. आणि जागेचे नाव मुळीच छापू नका. ते छापले की पुढच्या सुट्टीला त्याच झुडपाभोवती आणखी कॅमेरे उभे राहतात.

विणीच्या त्या महिन्यांत काढायचे तरी काय, असे कोणी विचारील. मी बियांचे फोटो काढते. त्याच दिवसांत सावरीची बोंडे फुटून कापूस उडत असतो, कुड्याच्या जोडशेंगा उकलून शेंडीवाल्या बिया बाहेर पडतात, पळसपापड्या, म्हणजे पळसाच्या चपट्या शेंगा, गरगरत खाली येतात. पळसपापडीत बी एकच, तेही टोकाला. उरलेली सगळी पापडी वाऱ्यासाठी. टेटूच्या झाडाची तलवारीसारखी शेंग तडकली, की आतून कागदी पंखाच्या बिया निघतात. त्यांच्यामागून सकाळचे ऊन येऊ द्या, पंखाची शीर न् शीर दिसते. कुसळी गवताचे वाळके कुसळ ओल्या मातीवर ठेवून चित्रफीत काढा. ओल लागताच त्याचा पीळ सुटू लागतो आणि ते स्वतःभोवती फिरत टोक मातीत घुसवते. साध्या मोबाइलवर निघते हे. मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी आणि झाडाचेही एक चित्र घ्यावे, नाहीतर नुसत्या बीवरून ओळख पटवताना भांडणे होतात.

यात पक्ष्यांचेही दर्शन घडतेच. सावरीच्या खाली बसले तर शिंपी पक्षी घरट्याच्या अस्तरासाठी कापूस चोचीत भरून नेताना दिसतो. तो कुठे जातो, हे शोधायला मागे जायचे नाही, इतकेच.

पावसाआधी मातीत बिया घालून बीजगोळे बनवायची लाट येते, तेव्हा त्या मातीत सुबाभूळ आणि गुलमोहर ही परदेशी झाडे सर्रास जातात, कारण ओळखीच्या बिया त्याच. कुडा, टेटू, धावडा यांच्या बिया पुष्कळांनी पाहिलेल्याच नसतात. पिल्लांच्या जागी महिन्यातून एकदा देशी झाडाची बी छापता येईल का? टेटूपासून सुरुवात करणार असाल तर फोटो मी पाठवते, अंतराच्या ओळीसकट.

आपली,
एक नियमित वाचक