आधी माणसं मोजा, मग कोटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतली 'आजवरचे सर्वाधिक कमाईचे मराठी चित्रपट' ही यादी वाचली आणि चहा तसाच गार झाला. पहिल्या दहात २०१० च्या आधीचा एकही सिनेमा नाही. त्याआधी मराठी माणूस टॉकीजमध्ये जातच नव्हता का? 'माहेरची साडी'चं नावसुद्धा नाही, कमाल आहे.

आमचे अण्णा नाशकातल्या एका टॉकीजला बुकिंग क्लार्क होते, म्हणून मला हे जास्तच लागलं. १९९१ चा तो सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा मी सातवीत होतो. तीनच्या शोला दिंडोरी, गिरणारेकडनं बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या, भाकरी बांधून आणायच्या, तिकीट नाही मिळालं तर सहाच्या शोपर्यंत आवारातच बसून राहायच्या पण घरी जायच्या नाहीत. खिडकीच्या भोकातून एका वेळी तीन-तीन हात आत यायचे. अण्णा रात्री घरी आले की घामाने गुलाबी तिकिटांचा रंग बोटांना लागलेला असायचा, तो दोन-दोन दिवस जायचा नाही.

शेवटच्या शोची खिडकी बंद झाली की ते डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या तिकीटविक्रीचा तक्ता, भरायचे. स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी, प्रत्येकाचा सुरुवातीचा नंबर आणि शेवटचा नंबर लिहायचा, वजाबाकी केली की किती तिकिटं खपली ते कळायचं, मग त्याला दराने गुणायचं. आधी माणसं, मग पैसे. तुमच्या यादीत माणसं गेली आणि नुसते पैसे राहिले.

दहा रुपये तिकीट असताना एक कोटी जमवायला दहा लाख माणसं लागायची. आज अडीचशेच्या तिकिटाला चाळीस हजार पुरतात. मग मोठा हिट कुठला ते तुम्हीच सांगा! त्यात तुम्ही एका सिनेमाचा ग्रॉस, म्हणजे करासकट आकडा घेतलाय आणि खालच्याचा नेट, म्हणजे कर वजा केलेला, त्यामुळे ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. अडीचशेच्या तिकिटात अडतीस रुपये जीएसटीचेच असतात आणि २०१७ च्या आधी तर करमणूक कर होता, तोही प्रत्येक राज्यात वेगळा.

'सैराट'ने २०१६ मध्ये शंभर कोटी पार केले त्याचा मला आनंदच आहे, मी स्वतः तीनदा बघितला. पण दादा कोंडकेंचे ओळीने नऊ सिनेमे सिल्व्हर ज्युबिली झाले, म्हणजे प्रत्येक सिनेमा पंचवीस आठवडे चालला, त्याचा हिशोब कोटीत कसा करणार? आता पहिल्या सोमवारी शो कमी व्हायला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात सिनेमा शोधावा लागतो. फ्रान्समध्ये, दक्षिण कोरियात किती तिकिटं खपली तेच आधी सांगतात, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा सिनेमा आजच्याशेजारी ठेवता येतो. आपल्याकडे तिकीट ऑनलाइन निघतं, प्रत्येक सीटची नोंद असते, तरी बातमीत फक्त कोटी. आणि हे सगळं फाळकेंच्या जिल्ह्यात छापून येतं, याचं जास्त वाईट वाटतं.

जुने आकडे मिळत नाहीत हे मला मान्य आहे, अण्णांच्या डीसीआरच्या कार्बन कॉप्या टॉकीज बंद पडल्यावर रद्दीत गेल्या, मी डोळ्यांनी बघितलंय. पण मग 'आजवरचे' हा शब्द तरी काढा, आणि प्रत्येक नावापुढे साल आणि तेव्हाचा तिकिटाचा दर टाका.

अजून एक. 'आजचे चित्रपट' हा कॉलम तुम्ही बंद केला तो कृपया परत सुरू करा. माझ्या आईला मोबाईलवर शो बघता येत नाहीत, ती अजून रोज सकाळी शेवटचं पान उलटून बघते आणि मला विचारते, कुठे काय लागलंय रे.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक