नावाऐवजी नंबर

संपादक महोदय,

दनाई गुरिरा यांचं ‘एक्लिप्स्ड’ हे नाटक नुकतंच वाचलं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशातलं यादवी युद्ध, साल २००३. बंडखोरांच्या छावणीत कमांडरनं बळजबरीनं बायको करून ठेवलेल्या स्त्रिया स्वतःला नंबरानं ओळखतात: पहिली, तिसरी, चौथी. कमांडर रंगमंचावर एकदाही दिसत नाही. तो आला की त्या रांगेत उभ्या राहतात, एक जाते, परत आली की मुकाट्यानं फडक्यानं अंग पुसते. तिथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्याच बायका बिल क्लिंटन यांचं चरित्र वाचताना खळखळून हसतात, हे तर अधिकच आत शिरलं. प्रत्यक्षात त्याच वर्षी लायबेरियातल्या बायका पांढरे कपडे घालून शांततेसाठी रस्त्यावर बसल्या होत्या. आपल्या प्रायोगिक रंगकर्मींनी हे नाटक मराठीत आणावंच, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली