वर्गणी चालते, हात चालत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परदेशात आपल्या एखाद्या पोराला रंगावरनं कोण काय बोललं अशी बातमी आली की आमच्या विट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर संताप चालतो, बघा म्हणे गोऱ्यांची मस्ती. संताप बरोबरच आहे. पण हाच ग्रुप यंत्रमागावरच्या बिहारी आणि ओडिया कामगारांना काय काय नावं ठेवतो ते मी इथं लिहिलं तर तुम्हाला छापता यायचं नाही. वंशभेद तो तिकडं अमेरिकेत वगैरे होतो, आपण करतो ती नुसती गंमत, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय म्हणून हे पत्र.

आमच्या भागातली माणसं बाहेर का गेली हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. खानापूर, आटपाडी, पलीकडं माण, खटाव, सगळा दुष्काळी पट्टा, शेतीवर भागेना म्हणून लोक गलाईच्या धंद्यात शिरले. जुने दागिने वितळवायचे, त्यातली भेसळ काढून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची. आज केरळ म्हणा, तामिळनाडू म्हणा, पार आसामपर्यंत, जिथं सराफ बाजार आहे तिथं आपला माणूस सापडतो. बोळातलं दुकान, वर माळ्यावर झोपायचं, ॲसिडचा धूर नाकात, आणि त्याच पैशावर गावाकडं बंगले उभे राहिले. आमचंही घर त्यातलंच.

आता तिकडं काय होतं तेही प्रत्येक गलाईवाल्याच्या घरात ठाऊक आहे. चोरीचं सोनं घेतलंस म्हणून तिकडचे पोलीस येऊन उचलतात, कधीकधी खरं-खोटं न बघताच, का तर हा बाहेरचा, याच्या मागं कोण नाही. मग इकडं फोनाफोनी, पुढाऱ्यांकडं चकरा, निवेदनं. तेव्हा आपल्याला बरोब्बर कळतं की परका आहे म्हणून माणसाला चोर धरणं किती वाईट. आणि इथं मागाच्या खोल्यांजवळ कुणाचा मोबाईल गेला की पहिली झडती त्या बिहारी पोरांची. मध्यंतरी असाच एक गेलेला मोबाईल मालकाच्याच गाडीत सीटखाली सापडला, तर त्या पोरांना कोण सॉरी तरी म्हणलं का, नाही, उलट "तरीपण यांच्यावर लक्ष ठेवलेलं बरं". खोली भाड्यानं द्यायची म्हणलं की आधी आडनाव विचारतात, डिपॉझिट नंतर. आडनाव मुसलमानाचं निघालं किंवा 'तसलं' वाटलं की खोली कालच गेलेली असते.

पण मला मेन लिहायचंय ते सप्त्याबद्दल. माझी धाकटी जाऊ आसामची, कोक्राझारकडची, बोडो समाजातली. दीर तिकडं गलाईला होते, तिथंच लग्न झालं, लॉकडाऊननंतर दोघं पोरांना घेऊन इकडं आली. मराठी आता माझ्यापेक्षा फास्ट बोलते, भाकरी थापते, सासूचं सगळं तीच बघते. तिच्या माहेरी अंगणात सिजू नावाचं निवडुंगासारखं झाड लावतात आणि त्यालाच देव मानून पुजतात, त्यामुळं आमच्या दारातली तुळस बघून तिला काही वेगळं वाटलंच नाही, पहिल्या दिवसापासनं पाणी घालतीय. तरी गल्लीत ती 'नेपाळीण', नाहीतर 'चायनीज'. आणि नेपाळचीच असती तरी काय बिघडलं असतं, तेही कळत नाही मला.

आमच्या भागात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. यंदा एका दिवसाच्या अन्नदानाचे पैसे दिरांनी दिले, दोघांच्या नावानं. माईकवरनं तीनतीनदा नाव पुकारलं, फ्लेक्सवर जोडीचा फोटो. आणि त्याच दिवशी सकाळी जाऊ पोळ्या लाटायला म्हणून बायकांच्यात जाऊन बसली तर एकीनं हळूच तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाली तू बस गं आरामात, तू पाहुणी. पाहुणी! चार वर्षं इथं राहतीय बाई. मी मागनं कमिटीतल्या एका काकांना विचारलं तर म्हणाले अहो ती लोकं काय काय खातात, कुत्रीबित्री, सप्त्याच्या पंगतीला उगाच कुणाच्या मनात यायला नको.

म्हणजे तिचा पैसा महाप्रसादात चालतो, हात चालत नाही. आणि खाण्याचं कोण बोलतंय तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बोकडाच्या रश्श्यासाठी जे सकाळपासनं ताट घेऊन बसतात ते. मी स्वतः मटण खाते, मला त्याचं काही नाही, आमच्याकडं माळ घातलेले लोक सोडले तर कोण खात नाही ते सांगा. पण मग दुसऱ्याच्या ताटात डोकवायचा हक्क कुणी दिला, आणि तेही ऐकीव गोष्टीवर.

कहर म्हणजे त्याच रात्री कीर्तनात महाराजांनी चोखोबांचं चरित्र लावलं. मंगळवेढ्याची ती भिंत कशी कोसळली, चोखोबा त्याखाली कसे गेले, नामदेवांनी हाडांना कान लावून विठ्ठल नाम ऐकलं आणि हाडं कशी ओळखली. महाराज बोलले छानच, अख्खा मंडप डोळे पुसत होता, आमचे कमिटीवाले काकासुद्धा. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाच्या बाहेरच, आणि ज्यांना चोखोबांसारखंच बाहेर ठेवलं होतं त्यांना आत सोडा म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेही महाराजांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पण टाळ्या वाजवल्या.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा आहे, पण तो इथं काय कामाचा? बहिष्कार टाकलाय असं कोण म्हणतच नाही हो, 'तू बस आरामात' असं गोड बोलतात. त्याची तक्रार कोणत्या पोलीस स्टेशनात घ्यायची?

मोठ्यांचं सोडा, तिचा पोरगा शाळेत जातो, त्याला डोळ्यांवरनं चिंकी म्हणतात. सरांना सांगितलं तर म्हणाले पोरं आहेत, मनावर घेऊ नका. 2014 ला दिल्लीत निडो तानिया नावाच्या अरुणाचलच्या पोराला अशीच केसांवरनं चेष्टा करून सुरुवात झाली होती, त्यावरनं भांडण, मग मारहाण, दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना होणाऱ्या अशा त्रासावर उपाय सुचवायला केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. विटा म्हणजे दिल्ली नाही हे मान्य, पण सरांनी वर्गात पाच मिनिटं पोरांशी बोलायला काय हरकत आहे? नकाशावर आसाम दाखवा, तिथं आपल्याच तालुक्यातली माणसं दुकान टाकून बसलीत हे सांगा, अर्ध्या पोरांचे काका-मामा तिकडंच कुठंतरी असतील.

हे पत्र मी जावेला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिहा, फक्त माझं नाव नको. दीर म्हणतात कशाला वाकड्यात शिरायचं, पुढच्या वर्षी पैसे देऊ आणि गप बसू. मी त्यांना सांगितलंय की पुढच्या वर्षी जिला लाटणं मिळणार नाही तिच्या घरची पावती पण फाडायची नाही. कमिटीची मीटिंग होईल तेव्हा हे मी समोर बोलणारच आहे, काकांनी आधी पेपरात वाचलेलं असलं म्हणजे बरं.

आपली,
गलाईवाल्यांच्या घरातली एक वाचक, विटा, जि. सांगली