सिगारेट सुट्टी मिळते म्हणून सुटत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी रिटायर्ड ड्रायव्हर, वय ६८, पहिली बिडी ओढली १७ व्या वर्षी आणि शेवटची सिगारेट मागच्या गणपतीत, म्हणजे हिशोब केला तर एक्कावन्न वर्षं झाली बघा. सोडायचे प्रयत्न किती केले ते बायकोला विचारा, तिने मोजणं सोडलं. यावेळी पाकिटावर छापलेला १८०० ११ २३५६ हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, टोल फ्री नंबर लावला आणि डॉक्टरांना विचारून निकोटिनची च्युइंगम घेतली, पण ती गोळीसारखी चघळत राहायची नसते, थोडी चावून गालात दाबून ठेवायची, हे मला चार दिवस उचक्या लागल्यावर कळलं! पहिला आठवडा वाईट गेला, चिडचिड, झोप नाही, सकाळी चहाशिवाय आणि चहा सिगारेटशिवाय पोट साफ होईना (हसू नका, ओढणाऱ्यांना माहितीय).

आता मुद्दा. राज्यात सुट्टी सिगारेट, बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर एक मागा, एक मिळते, शेजारी पेटवायला सुंभाची दोरी लटकतेय. आख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं तर माझ्यासारखा माणूस दहादा विचार करतो, एकीला कोण विचार करतो? शिवाय तो नंबर पाकिटावर, सुट्टी घेणाऱ्याला तो दिसणार कसा?

बंदी कोण तपासतं तेवढं छापा.

— एक वाचक, नाशिक