यंत्र पाणी खात नाही, आई

बेंगळुरू
रविवार सकाळ

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगून पाहिलं, जमलं नाही. बाबा "हं, हं" करत फोन आईकडे देतात, आणि आई "कळलं गं" म्हणून जेवलीस का ते विचारते. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही पत्र दोनदा वाचून फाइलला लावता. हे लावू नका. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवा, कामाचं आहे.

गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येऊन चार दिवस राहिले, तेव्हा रोज सकाळी मी त्या कॉफीमेकरवर डोळा ठेवून होते. दिवाळीत मीच तो आणला आणि तेव्हापासून ऐकतेय. बाबांचं म्हणणं, कॉफी पाणचट आणि वर कडू. आईचं म्हणणं, यंत्र पाणी खातं. मला वाटायचं, नव्या वस्तूची सवय नाही, होईल हळूहळू. चार दिवस बघितल्यावर कळलं की तक्रार खरी आहे, आणि त्यात माझ्या चुका तुमच्यापेक्षा जास्त आहेत.

आई, आधी तुझं. तू पेल्याने मोजून पाणी घालतेस आणि खालच्या भांड्यात अर्धा पेला कमी येतो, हे बरोबर. पण ते यंत्र नाही खात, पूड पिते. कोरडी पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून बसते. तीस ग्रॅम पूड घातलीस की साठेक मिली पाणी त्या चोथ्यातच राहणार. चोथा टाकताना फिल्टरचा कागद जड लागतो ना हाताला, तेच ते. भाताला पाणी जास्त घालतेस तसं इथेही थोडं जास्त घालायचं, एवढंच.

पण कुठलं पाणी घालतेस, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. बोअरचं. तुझा हिशोब मला कळतो. नळाला रोज पाणी येत नाही, उजनीहून शंभर किलोमीटरहून जास्त पाइपातून येणारं पाणी, आलं की पिंप आणि कळश्या भरायची धावपळ. त्यातलं तांब्याभर पाणी यंत्राला घालायला तुझा जीव होत नाही. "उकळतंयच की, मग कुठलं का असेना," असं म्हणालीस. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट तापवलं की ते खाली बसतात. बाथरूममधल्या बादलीला आतून जी पांढरी कडा धरते आणि नखाने खरवडली तरी निघत नाही, तीच त्या यंत्राच्या पोटात धरली होती. शिवाय असलं जड पाणी कॉफीतली आंबूस, फळासारखी चव मारून टाकतं. उरते ती नुसती कडू, सपाट चव. बाबा जे म्हणत होते ते हेच.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, मोटर नाही, पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं? त्या वेळी मी "वाफेने" एवढं सांगून मोकळी झाले. नीट सांगते, तुम्हाला आवडेल. टाकीच्या तळातून पाणी एका बारीक नळीत उतरतं. नळीच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते, त्यामुळे आत गेलेलं पाणी मागे फिरू शकत नाही. ती नळी खालच्या गरम प्लेटला चिकटून, घोड्याच्या नालासारखी वळून जाते. तिथे पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे होतात, मागे जायला वाट नाही म्हणून ते पाण्याला ढकलत वरच्या नळीतून नेतात आणि पुडीवर सांडतात. ती गुडगुड ऐकू येते ना, ती पाण्याच्या चढण्याची. म्हणजे वाफेचंच काम, इंजिनाचं लहान भावंड म्हणा. आता त्या बारीक नळीत क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, वाट अरुंद होते, पाणी कमी तापलेलं आणि रडतखडत येतं. पुडीवर पडताना पाणी 90 ते 96 अंशांच्या दरम्यान हवं. त्याखाली गेलं तर चव उतरतच नाही, पाणचट लागते.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी आईच्या ढोकळ्याचं लिंबूसत्व पळवलं होतं. आई, रागावू नकोस, नवं आणून ठेवलंय. लिटरभर पाण्यात दोन चमचे विरघळवून टाकीत घातलं, अर्धं पाणी खाली आलं की बटण बंद केलं, अर्धा तास तसंच ठेवलं, मग उरलेलं सोडलं. भांड्यात जे आलं ते पाहून बाबांनी चष्मा वर केला होता. पांढऱ्या पापुद्र्यांचा गढूळ रस्सा. मग साध्या पाण्याच्या तीन फेऱ्या. बाबांनी ड्यूटीवर असल्यासारखं घड्याळ लावलं होतं: आधी चौदा मिनिटं लागत होती, नंतर साडेआठ. हे दर दोन महिन्यांनी एकदा करा. पिण्याचं पाणी घालाल तर तीन महिन्यांनी चालेल. आई, तो तांब्या वाया जात नाही गं, तुमच्याच पोटात जातो.

आता माझ्या चुका. पहिलं पाकीट तुम्ही बाजारातून आणलं होतं, त्यावर 53:47 छापलेलं होतं. म्हणजे शंभरात त्रेपन्न भाग कॉफी आणि सत्तेचाळीस भाग चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. रंग गडद देतं, कडूपणा देतं, कॉफीचा वास देत नाही. मी मोठ्या दिमाखात सांगितलं की हे बंद, मी इथून बिनचिकोरीची पाठवते. पाठवली. आणि इथल्या दुकानात "फिल्टरसाठी दळून द्या" म्हणाले. कर्नाटकात फिल्टर म्हटलं की पितळी फिल्टर, त्यामुळे दुकानदाराने ती पिठासारखी बारीक दळून दिली. कागदाच्या फिल्टरला ती चालत नाही. बारीक पूड कागदाची छिद्रं बुजवते, वरून पाणी येतच राहतं, आणि मग काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ओट्यावरून खाली फरशीपर्यंत काळा ओघळ, आणि आईचा फोन: "तुझं यंत्र फुटलं." फुटलं नव्हतं. आता पाठवलेली पूड बोटांत चोळून बघा, बारीक रव्यासारखी खरखरीत लागेल. तशीच हवी.

दुसरी चूक याहून मोठी. चिकोरीत कॅफीन नसतं. म्हणजे बाबा इतकी वर्षं चमचाभर पूड म्हणून जे घेत होते, त्यात कॉफी निम्म्याहून जरा जास्त. तेवढाच चमचा बिनचिकोरीचा घातला की जवळजवळ दुप्पट कॉफी झाली. आणि बाबा संध्याकाळी सहालाही तेवढीच घेत राहिले. घरच्या ग्रुपवर रात्री पावणेदोनला "सुप्रभात" आलं, तेव्हा मी हसले होते. नंतर लक्षात आलं, हा माझाच प्रताप. कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. बाबा, दुपारी तीननंतर नको. चारला चहाच घ्या, तोही अर्धा.

पूड फ्रिजमध्ये ठेवू नका. आई, तू ज्या कप्प्यात ठेवली होतीस त्याच कप्प्यात शेंगाच्या चटणीचा डबा होता, आणि कॉफी वास ओढून घेते. त्या दिवशी पहिल्या घोटाला लसूण आला तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, पण मी बोलते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, शेगडीपासून लांब, कपाटात. मी आता शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं पाठवतेय, कारण दळलेल्या कॉफीचा वास दोनेक आठवड्यांतच उडायला लागतो. आणि आपल्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको.

आणि आई, कागद. गच्चीत दोरीवर, रुमालांच्या शेजारी, चिमटे लावून वाळत घातलेले ते चार तपकिरी कागद मी बघितले. फोटो काढला नाही, शपथ. पण गं, तो एकदाच वापरायचा असतो. धुतला तरी कॉफीचं तेल त्यात राहतं आणि ते खवट होतं. एक कागद टपरीवरच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडतो. या कागदाची गोष्ट मात्र तुला आवडेल. जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ नावाच्या एका गृहिणीला कॉफीतला गाळ आणि कडूपणा आवडेना. तिने पितळेच्या भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद काढून त्यात घातला. 1908 मध्ये तिने त्याचं पेटंट घेतलं. कॉफीच्या कागदी फिल्टरची सुरुवात ती. म्हणजे हा शोध तुझ्यासारख्याच एका बाईने ओट्यापाशी उभं राहून लावलेला आहे.

करायचं कसं, तर असं. कागद लावा आणि पूड न घालता थोडं पाणी एकदा सोडून द्या. कागदाचा वास जातो आणि नळी तापते. ते पाणी फेकू नकोस आई, कप विसळायला घे. मग पूड. पोह्याचा चमचा शिगोशीग भरला की सहा ग्रॅमच्या आसपास होते, मी काट्यावर मोजलंय. काळी प्यायची तर अर्ध्या लिटरला पाच चमचे, दूध घालायचं तर सात. यंत्रावरच्या आकड्यांकडे बघू नका, त्यांचा कप सव्वाशे ते दीडशे मिलीचा असतो, आपला नाही. पूड नुसती भिजली की बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू. ताजी असेल तर त्या अर्ध्या मिनिटात ती डोशाच्या पिठासारखी फुगते, आत अडकलेला वायू निघून जातो आणि मग पाणी सगळीकडे सारखं झिरपतं. दूध वेगळं, चांगलं आटवून, कढत घालायचं. फ्रिजमधलं ओतलं की कॉफी कोमट झालीच म्हणून समजा.

झाली की लगेच खालची प्लेट बंद. नाश्त्यापासून आंघोळीपर्यंत भांडं त्या प्लेटवर ठेवून बाबा तीनदा थोडी थोडी घेतात, त्यात तिसरी करपलेलीच असते. तुमचा ड्यूटीवरचा थर्मास माळ्यावर आहे. तो गरम पाण्याने विसळून त्यात ओता.

इतकं सगळं करूनही बाबा, ती स्टेशनसमोरच्या हॉटेलासारखी होणार नाही. ते मी आधीच सांगायला हवं होतं. तिथली कॉफी म्हणजे पितळी फिल्टरमधला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, भरपूर चिकोरी, आणि दिवसभर आटणारं दूध. ही वेगळी वस्तू आहे. कडक भाकरी आणि पोळी, दोन्ही चांगल्या, पण एकीची चव दुसरीत शोधायची नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमचं तिथे जाणं थांबलं, म्हणून मी यंत्र आणलं. कॉफी घरी आणून दिली की झालं, असं मला वाटलं होतं. गड्ड्याला आले तेव्हा तुम्ही ग्लास घेऊन गॅलरीत एकटे बसलेले असायचात, रस्त्याकडे बघत, आणि कॉफी तशीच निवायची.

म्हणून एक शेवटचं, तेही यंत्राचंच. हे यंत्र दोन माणसांसाठी केलेलंच नाही. दोन कपांपुरती पूड घातली की तिचा थर पातळ होतो, पाणी भसाभस निघून जातं, आणि नळी पुरती तापायच्या आत टाकी संपते. तेच लिटरभर केलं की थर जाड, पाणी पुरेसं गरम, चव एकदम वेगळी. इथे ऑफिसमध्ये मी रोज बघते, पहिलं भरलेलं भांडं सगळ्यात चांगलं. लिटरला दूध घालणाऱ्यांसाठी चौदा चमचे. बाबा, पार्सल ऑफिसची तुमची मंडळी अजून सकाळी त्या हॉटेलात त्याच टेबलावर जमतात, मला आईने सांगितलंय. त्यातले तिघे रिक्षाने दहा मिनिटांत आपल्याकडे पोचतात, आणि त्यांचे गुडघे शाबूत आहेत. येत्या रविवारी त्यांना बोलवा. पूड बुधवारपर्यंत पोचेल, आलं की कळवा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, मुंज झाली तेव्हाच्या बदामी कपबशा वरच्या फळीवर डावीकडे आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आठ असतील. एकाचा कान तुटलाय, तो बाबांना दे, ते काही म्हणणार नाहीत.