तुझ्या प्रश्नाचं उत्तर

नाशिक

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर "आवाज येत नाहीये" म्हणून मी ठेवून दिला. आवाज येत होता. आणीबाणीत तुझ्या नानांना धरून नेलं, तेव्हा त्यांचं नाव आमच्या अण्णांनी दिलं होतं का, हेच विचारलंस ना? बोलायला जमलं नाही, लिहून सांगतो.

अण्णा साध्या वेशातले पोलीस, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सभा कुणाचीही असो, कडेला सायकल लावून कोण आलं, कोण काय बोललं ते टिपायचं आणि सकाळी रिपोर्ट द्यायचा. बंद दाराआड बैठक असली की बाहेरच्या चपला मोजायच्या. "पस्तीस जोड, त्यात चार बायकांचे," असं जेवताना सांगायचे. आम्ही हसायचो. तूही हसलायस आमच्या ओट्यावर बसून, आठवतं?

नाना १९७४च्या मे महिन्यात रेल्वे संपाच्या सभेत बोलले. अण्णांनी ते लिहिलंच असणार, पगार त्याचाच होता. पुढे २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागली, तेव्हा नव्यानं चौकशी करत बसायला सवड कुणाला होती? जुने कागद होतेच. त्यांवरून प्रस्ताव, मिसाच्या, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याच्या, हुकमावर कलेक्टरची सही, संपलं. २९ जूनच्या वटहुकमानंतर तर अटकेचं कारणही सांगायला नको.

तुमची कडी वाजली त्या पहाटे अण्णा घरीच होते. न्यायला दुसरे आले होते. आई उठून खिडकीशी गेली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, पण झोपलेले नव्हते. मी शेजारीच होतो.

नंतर कधी विषय निघाला की म्हणायचे, "वरून हुकूम होता." मला ते कधीच पटलं नाही. अरे, हुकूम वरून आला, पण नाव तर खालूनच गेलं होतं ना! २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला, मिसाबंदीला कोर्टाचं दारही बंद. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून उशीखाली ठेवला. आमच्याकडे पेपर उशीखाली कधी जात नसे.

तेव्हा उत्तर 'हो' असंच धर. त्यांच्या हातचा कागद मी पाहिलेला नाही, पण तेवढ्यावर 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

एक काम कर. नाशिकरोड जेलमधून नानांची यायची ती कार्डं काकूंनी ठेवली असतील. काळ्या शाईनं खोडलेल्या ओळी असायच्या त्यांत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. उजेडासमोर धरून काही लागतंय का बघू.

तुझा,
बंड्या