कॅरियर उतरवा, मग मायलेजबद्दल बोला

संपादक साहेब, नमस्कार. मायलेज मिळत नाही म्हणून गाडीला शिव्या घालणारे बरेच भेटतात, पण टपावरचं रिकामं कॅरियर वर्षभर तसंच असतं! माझंही होतं. हायवेला बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, मला वाटायचं दरवाज्याचं रबर गेलंय, शेवटी कॅरियर काढलं आणि आवाज बंद. ती शिट्टी म्हणजे हवा अडत होती आणि पेट्रोल जळत होतं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की तो जवळपास दीडपट होतो, म्हणून शहरातल्या ट्रॅफिकमध्ये याने फारसा फरक पडत नाही पण हायवेला पडतो. तिथे काचा बंद ठेवलेल्या बऱ्या. गाडीखालचं प्लास्टिक कव्हर निघालं असेल तर परत बसवा, खालून हवा सरळ जाते त्याने. मेकॅनिक म्हणतात नसलं तरी चालतं, अहो चालतं, पण कंपनीने उगाच लावलंय का ते?

आणि डिकीवर मोठा स्पॉयलर (ती पंखासारखी पट्टी) लावून मायलेज वाढतं म्हणणाऱ्यांनो, बरेचदा उलटंच होतं.

– एक वाचक